नाण्याची प्रत आणि साक्ष

नाण्यांच्या बाजारात प्रत 1 ते 70 अंकांनी ठरते. झीज कमी, तेवढा अंक चढा. या मापाने इंग्लंडमधील हॉक्सन येथील रोमन ठेव्यातली चांदीची नाणी सामान्यच ठरावीत, कारण बहुतेकांच्या कडा कातरलेल्या आहेत! परंतु रोमन सत्ता ओसरल्यावर ब्रिटनमधील चांदीचा ओघ आटला, याची साक्ष त्या कातरलेल्या कडाच देतात. 1992 साली एरिक लॉज हे शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शोधीत असता हा ठेवा लागला. सारे उपसण्याचा मोह आवरून त्यांनी वर्दी दिली, हेच आम्हांला मोलाचे वाटते. त्यामुळे सुमारे 15 हजार नाणी तज्ज्ञांना पेटीतील मांडणीसह अभ्यासता आली. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस लॉज यांनी मित्रासह वाटून घेतले. हातोडाही संग्रहालयात पोहोचला.