मोटारगाडीचा हिवाळी विसावा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कोंकणांतील कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांस दोहों बाजूंनीं टेकण देतात आणि वरून झापांनीं शाकारून ठेवतात. होडी समुद्रांतून बाहेर काढली एवढ्यानें ती सुरक्षित झाली, असें ते कधींच मानीत नाहींत. थंड देशांतील हौशी लोकांस आपल्या मोटारीच्या बाबतींत असाच उद्योग दरसाल करावा लागतो. त्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे. मी यंत्रविशारद नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म मुलांस शास्त्राचे धडे देण्यांत घालविलेला एक मास्तर आहें. परंतु या विषयांत माझ्या हातून एक मोठी चूक घडली, व त्या चुकीमुळेंच मला त्याची गोडी लागली.

माझा मुलगा इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ राहतो. त्याच्यापाशीं १९७२ सालची ‘एम्. जी. बी.’ नांवाची दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्स मोटार आहे. कित्येक वर्षांच्या शिलकीतून त्यानें ती घेतली. एम्. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हा ऑक्सफर्डमधील मोटारींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा धंदा होता, आणि त्यांतूनच या गाड्यांचा जन्म झाला. एम्. जी. बी. ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत जवळच्याच ॲबिंग्डन गांवीं तयार होत असे. एवढ्या काळांत तसल्या पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तिचें इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचें, साधें व दणकट. पण जुन्या मोटारींना खालीं जशी जाड लोखंडी चौकट असे, तशी हिला नाहीं. दारांच्या खालून पत्र्याच्या पोकळ पेट्या जातात, तोच हिचा कणा. त्या पेट्या आंतून कुजल्या म्हणजे गाडी मध्यें वांकते आणि दारें नीट लागेनाशीं होतात. इंजिन बदलतां येतें. कणा बदलणें फार खर्चाचें. तेव्हां या गाडीचा खरा शत्रू म्हणजे गंज.

आणि इंग्लंडांत हिवाळ्यामध्यें या शत्रूला रस्त्यांवरच निमंत्रण असतें. रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून तेथें खाणींतलें भरड मीठ पसरतात. चेशायरमधील विन्सफर्ड येथें अशा मिठाची प्रचंड खाण आहे. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें, पण मीठ पुरेसें मिसळलें असतां तें शून्याखालीं २१ अंशांपर्यंत पातळ राहूं शकतें. माणसांच्या जिवाच्या दृष्टीनें ही योजना उत्तम. मोटारीच्या दृष्टीनें मात्र घातक. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक असल्यामुळें लोखंडाचें गंजणें त्यांत फार झपाट्यानें होतें. शिवाय मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, हें आपल्या घरांतील मिठाच्या बरणीवरून पावसाळ्यांत आपण पाहतोंच. मडगार्डाच्या पोटांत चिकटलेला खारट चिखल तसाच ठेवून गाडी कोठींत उभी केली, तर गंजण्याचें काम रात्रंदिवस चालूं राहतें. कोठी ऊबदार असेल तर अधिकच, कारण उष्णतेनें रासायनिक क्रियेचा वेग वाढतो! म्हणून रस्त्यांवर मीठ पडण्यापूर्वींच, ऑक्टोबराच्या अखेरीस, गाडी खालून स्वच्छ धुवावी आणि कोरड्या दिवशीं वीसपंचवीस मैल फिरवून पुरती सुकवावी. मगच ती आंत घ्यावी.

त्या फेरींतून इंजिन तापून परत आलें कीं तेल बदलावें. पुष्कळांचा समज असा, कीं नवें तेल वसंतऋतूंत घालावें. चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीवर तें कां वायां घालवा? परंतु वापरलेल्या तेलांत ज्वलनापासून झालेलीं आम्लें व ओल असते, आणि चार महिने तीं बेअरिंगांना चिकटून बसतात. रेडिएटरांत ग्लायकोल व पाणी निमेनिम असावें. असलें मिश्रण शून्याखालीं ३५ अंशांपर्यंतहि गोठत नाहीं. नुसतें पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें आणि ओतीव लोखंडाचा ठोकळा फोडूं शकतें.

पेट्रोलची टाकी कांठोकांठ भरावी, म्हणजे आंत दमट हवेस जागा राहत नाहीं. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधील साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतें. तें पाणी शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्यांस बाधतें. यास्तव जुन्या गाडीला ५ टक्क्यांचें, जरा महाग पेट्रोल घालणें बरें. बॅटरी भरलेली असावी. पुरी भरलेली बॅटरी तेथील थंडीनें गोठत नाहीं. रिकामी झालेली मात्र शून्याखालीं आठ-दहा अंशांवरच गोठून फुटूं शकते. १९७२ च्या या गाडींत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागें, फळीखालीं दडविलेल्या आहेत. त्या काढणें जिकिरीचें, म्हणून मुलानें जागच्या जागींच एक लहानसा चार्जर जोडून ठेवला होता. टायरांत नेहमींपेक्षां आठ-दहा पौंड हवा अधिक भरावी, नाहींतर एकाच जागीं भार पडून ते चपटे होतात. टप उभारूनच ठेवावें. दुमडून ठेवल्यास कापड आकसतें व मागील प्लॅस्टिकची खिडकी तडकते. वर सुती आच्छादन घालावें, प्लॅस्टिकचें नव्हे, कारण त्याखालीं गाडीला घाम फुटतो. सायलेन्सरच्या तोंडांत उंदीर शिरूं नयेत म्हणून चिंधी कोंबावी, पण तशी कोंबली आहे हें लिहून ठेवावें. आणि हँडब्रेक ओढलेला ठेवूं नये. चाकांना लांकडी ठोकळे लावावेत.

एवढें सगळें मुलानें यथासांग केलें, सुकाणूच्या चाकाला ‘चालूं करूं नये’ अशा इंग्रजी मजकुराचा पुठ्ठा बांधला आणि जानेवारींत कामानिमित्त दोन महिने परगांवीं गेला. मी त्या हिवाळ्यांत त्याच्याकडे सहा महिने राहावयास गेलों होतों. बसून बसून यंत्र आखडेल, असें मला वाटलें. माझे स्वतःचे गुडघे त्या थंडींत आखडले होते, त्यावरूनच मीं हें अनुमान काढलें असावें! पुठ्ठा मुलांनीं खेळूं नये म्हणून असेल, अशी मनाची समजूत घालून मीं दर रविवारीं चिंधी काढून, जुन्या संवयीनें हँडब्रेक ओढून, पांच मिनिटें इंजिन चालवूं लागलों. तें सुरू झालें कीं मला मोठें समाधान वाटे. सूनबाईंनीं एकदां विचारलें, तेव्हां मीं त्यांना यंत्राच्या व्यायामावर व्याख्यानहि दिलें.

मार्चांत मुलगा परतला. त्यानें तेल घालण्याचें झांकण उघडलें, तों आंत पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर. गाडी ढकलूं लागला, तर मागचीं चाकें हलेनात. ब्रेकचे जोड आंत गंजून चिकटले होते. सायलेन्सर आधींच जुना होता. त्याच्या सांध्याला भोंक पडून खालीं तांबडें पाणी ठिबकलें होतें.

हें पाणी आलें कोठून? ज्या प्रश्नाचें उत्तर मीं मुलांना तीस वर्षें फळ्यावर लिहून दिलें, तें मला सुचलें नाहीं, याची लाज अजून वाटते. पेट्रोल हें कर्ब व हायड्रोजन यांचें बनलेलें. तें जळतांना हायड्रोजनचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पाणी तयार होतें. एक लिटर पेट्रोलापासून जवळजवळ एक लिटर पाणी! गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर धांवली, तर सर्व भाग तापून त्याची वाफ बाहेर जाते. पांच मिनिटांत कांहींच तापत नाहीं. वाफ थंड लोखंडावर थिजते. कांहीं सायलेन्सरांत सांठते, कांहीं पिस्टनच्या कडेनें तेलांत उतरते व त्याचें लोणी होतें. दर रविवारीं मी त्या गाडीला कपभर पाणी पाजीत होतों. गाडी नीट फिरवितां येत असेल तर फिरवावी, नाहीं तर मुळींच चालूं करूं नये. मधला मार्ग येथें सर्वांत वाईट.

मुलगा मला एक शब्दहि बोलला नाहीं. त्यानें नवा सायलेन्सर मागविला, तेल पुन्हां बदललें, आणि वार्षिक दुरुस्तीला मला हाताशीं घेतलें. तारांचीं चाकें मधोमध एकाच मोठ्या नटानें बसविलेलीं असतात. तो तांब्याच्या हातोड्यानें ठोकून काढावयाचा, आंतील खांचांना ग्रीस लावावयाचें. पुढील चाकांच्या खिळींना ग्रीस-गनने वंगण द्यावयाचें, जुनें बाहेर येईपर्यंत. कार्बुरेटरच्या घुमटांत चार थेंब तेल. इग्निशनच्या पॉइंटांमध्यें १५ सहस्रांश इंच फट. ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं बदलावेंच. नव्या ‘डॉट ४’ तेलाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश असतो, पण हवेंतील पाणी शोषून तो १५५ अंशांपर्यंत उतरूं शकतो. मग लांब उतारावर तेल उकळून पाय नुसता खालीं जातो.

शेवटीं ठिणगीची तार काढून ठेवून त्यानें मला स्टार्टर फिरवावयास सांगितलें. इंजिन पेटत नव्हतें, नुसतें फिरत होतें. तेलाच्या दाबाचा कांटा प्रथम निश्चल होता. मग थरथरला, आणि हळूहळू वर चढला. बेअरिंगांपर्यंत तेल पोंचल्याची ती खूण. मगच त्यानें तार जोडली.

मी परत आल्यानंतर दुसऱ्या हिवाळ्याच्या आरंभीं त्यानें झांकून ठेवलेल्या गाडीचें छायाचित्र धाडलें. सुकाणूवर तोच पुठ्ठा होता. इंग्रजी मजकुराखालीं मात्र ठसठशीत बाळबोध अक्षरांत एक ओळ वाढली होती: ‘बाबा, चालूं करूं नये.’