गवताला तिथी असते

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की अंगणात विटा, दगड आणि जुनी गोणपाटं जमू लागतात. चिखल कालवला जातो, दिवाळीच्या किल्ल्याचे तट उभे राहतात आणि वसुबारसेच्या आधी दोन-तीन दिवस उतारांवर अळीव नाहीतर मोहरी पेरली जाते. अळिवाला दोन दिवसांत मोड फुटतात, मोहरीला थोडा जास्त वेळ लागतो. मग त्या कोवळ्या हिरवळीत मातीचे मावळे उभे राहतात. लष्करी प्रतिकृतींसाठी हुबेहूब जमीन तयार करण्याची एक जुनी कला जगात आहे. अनेक जण तिच्यात उमेदीची वर्षं घालवतात. आपल्याकडचं पोर तिचा पहिला धडा असा चिखलात हात घालून गिरवतं.

या कलेत रणगाडा, तोफ, घोडेस्वार यांचं कौतुक भरपूर होतं. त्यांच्या पायाखालच्या जमिनीकडे लक्ष उशिरा जातं. लढाई मात्र जमिनीवरच होते. चढ किती होता, चिखल होता की धूळ, गवत घोट्याएवढं होतं की कमरेएवढं, यावर माणसं जगली आणि मेली. म्हणून प्रतिकृतीतली जमीन हा त्या दिवसाचा पुरावा असतो, असं मी मानतो. तिला शोभेची वस्तू समजलं की सगळी प्रतिकृतीच खोटी पडते.

रेशमाची शेतं

फ्रान्समध्ये १६६८ साली चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा याने तटबंदीच्या शहरांच्या त्रिमितीय प्रतिकृती बनवून घ्यायला सुरुवात केली. तानाजी मालुसरे सिंहगड चढून गेले, त्याच्या दोनच वर्षं आधीची ही गोष्ट. या प्रतिकृती पुढे साधारण १:६०० या प्रमाणात होऊ लागल्या. त्यांत लाकूड, कागद, वाळू आणि तार वापरली जाई, तर झाडं-शेतांसाठी रेशीम असे. शहराबरोबर भोवतालचा मुलूखही दाखवलेला असे, कारण वेढा घालणारा शत्रू तिथूनच येणार होता. खंदक, दलदल, तोफेच्या माऱ्यात येणारा उतार हे सगळं राजाला आणि सेनापतींना पॅरिसमध्ये बसून पाहता येई. ती लष्करी गुपितं असल्यामुळे परक्यांना सहजी दाखवली जात नसत. आज त्यांचा मोठा संग्रह पॅरिसच्या अँव्हालीद वास्तूत आहे. छोट्या जमिनीवर लष्करी बुद्धी एवढी खर्च झाल्याचं याहून जुनं आणि भक्कम उदाहरण मला माहीत नाही.

वॉटर्लूचं मैदान

विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८३० साली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवण्याचं काम मिळालं. त्याने आधी सैनिक ओतायला घेतले नाहीत, आधी जमीन मोजली. रणभूमीच्या मधोमध असलेल्या ला हे सेंत या शेतवाड्यात तो आठ महिने राहिला आणि चढ-उतार, रस्ते, कुंपणं, शेतं टिपत गेला. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून, संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांच्या तुकड्या कुठे आणि कशा उभ्या होत्या हे विचारलं.

काम सोपं नव्हतं, कारण मूळ जमीनच बदलली होती. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिंहाची टेकडी’ या स्मारकासाठी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फळीच्या जागेवरचीच माती खरवडून नेलेली होती. ज्या धारेआड सैन्य दडलं होतं तिची उंची त्यामुळे घटली. पुढे १८३३ मध्ये सरकारने पैसे देणं थांबवलं, तरी सायबोर्न कर्ज काढून काम करत राहिला. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती मांडली गेली आणि सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली. तिची लांबी-रुंदी सुमारे साडेअठरा फूट बाय साडेएकोणीस फूट, आणि तिच्यात सत्तर हजारांहून अधिक धातूचे सैनिक. ती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

त्या मोहिमेत उभ्या पिकाचं महत्त्व किती होतं, ते वॉटर्लूच्या दोन दिवस आधीच्या कात्र ब्राच्या लढाईत दिसतं. जून महिना होता आणि राय हे धान्य पुरुषभर उंच उभं होतं. त्यात पायदळाला समोरचं दिसेना आणि फ्रेंच घोडदळ पार जवळ येऊन ठेपलं. ही लढाई कापलेल्या, मोकळ्या शेतात दाखवली, तर गणवेशाचं बटण न् बटण बरोबर असूनही ती चुकलेली असेल.

भुशापासून विजेपर्यंत

विसाव्या शतकात ही कला राजवाड्यांतून आणि संग्रहालयांतून घरातल्या टेबलावर आली. सुरुवातीची साधनं आपल्या ओळखीची होती: रंगवलेला लाकडाचा भुसा, चाळलेली वाळू, सरस. यातली बरीच युक्ती छोट्या रेल्वेगाड्यांच्या छंदातून आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत रंगीत फोमचा चुरा बाजारात आला आणि भुसा मागे पडला. जपानच्या तामिया कंपनीच्या रणगाड्यांमुळे १:३५ हे प्रमाण जगभर रूढ झालं होतं. शेपर्ड पेन या अमेरिकन कलावंताने १९८० साली डायोरामा, म्हणजे जमिनीसकट उभा केलेला छोटा प्रसंग, रचण्यावर पुस्तक लिहिलं, आणि वाहन, माणसं व जमीन यांनी मिळून एकच गोष्ट सांगायची असते, हे हौशी मंडळींच्या मनात पक्कं झालं.

पण भुसा काय किंवा फोम काय, दोन्ही जमिनीवर पडून राहतात आणि गवत तर उभं असतं. ही अडचण स्थिर विजेने सोडवली. नायलॉन किंवा रेयॉनचे २, ४, ६, १२ मिलिमीटर लांबीचे धागे एका जाळीच्या डब्यात भरतात. डब्यातल्या छोट्या यंत्रातून जाळीला काही हजार व्होल्टचा दाब मिळतो. यंत्राची दुसरी तार ओल्या डिंकात खोचलेल्या खिळ्याला जोडतात. डबा वर धरून हलवला की धाग्यांवर विद्युतभार येतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि खालच्या डिंकाकडे सरळ ओढले जातात. डोळ्यांदेखत उघड्या मातीवर कुरण उभं राहतं. आपल्या घरातल्या डास मारायच्या रॅकेटमध्येही असाच मोठा विद्युतदाब तयार होतो, आणि तिच्यातलं मंडळ काढून हे यंत्र बनवणारे कारागीर जगभर आहेत. मात्र वीज ती वीजच. जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय आणि स्प्रे रंगांच्या वाफेजवळ हा प्रयोग करू नये.

हातभर जमीन

१:३५ च्या प्रमाणात माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. गुडघाभर गवत त्याच प्रमाणात तेरा मिलिमीटर भरतं, तर १:७२ मध्ये सहा. हा हिशेब आधी मांडावा आणि मग कात्री हातात घ्यावी.

खाली फोम किंवा थर्माकोल, त्यावर कागदाचा लगदा, बारीक माती आणि फेविकॉल यांचा थर द्यावा. माती चहाच्या गाळणीतून चाळून तव्यावर भाजून घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात तिला बुरशी येते. थर ओला असतानाच रणगाड्याचे पट्टे किंवा गाडीची चाकं त्यात दाबावीत. कित्येक टनांचं वाहन जमिनीवर अलगद टेकलेलं दिसलं की पाहणाऱ्याचा विश्वास उडतो. ते रुतलेलंच दिसायला हवं. डिंक पाण्यात पातळ करताना भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो मातीवर गोळा होऊन न राहता आत झिरपतो.

गवताचे थर तीन. पहिला २ मिलिमीटरचा, मातकट, मेलेल्या गवताचा. त्यावर ४ मिलिमीटरचा, हिरव्या-पिवळ्या मिश्रणाचा. शेवटी ६ मिलिमीटरचे तुरळक झुबके. उंच गवतासाठी सुतळीसारखी वस्तू नाही. तिचे तुकडे उकलून, बुडखा डिंकात बुडवून टोच्याने पाडलेल्या भोकांत रोवले की रानगवत तयार होतं. पानगळीसाठी वापरून वाळवलेली चहापत्ती चालते, झुडपांसाठी बागेतली बारीक मुळं.

रंगाच्या बाबतीत एकच सांगेन: डबीतला हिरवा जसाच्या तसा कधीच वापरू नये. गवत टोकाला एक रंगाचं असतं, बुंध्याशी दुसऱ्या. पायवाटेच्या कडेला ते तुडवलेलं असतं, दगडाच्या आडोशाला ओल धरून असतं. एवढं निरखलं की हात आपोआप बरोबर चालतो.

तीन लढाया, तीन गवतं

आता आपल्या डोंगरांकडे येतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. या नोंदीच्या नावात ‘लष्करी भूप्रदेश’ असा शब्द आहे. तटाच्या दगडांइतकाच मान तिथे डोंगराला, दरीला आणि रानाला मिळाला आहे.

तरीही आपण पवनखिंड, प्रतापगड आणि सिंहगड एकाच हिरव्या रंगात दाखवतो. तिथ्या पाहा. बाजीप्रभू देशपांडे खिंडीत लढले ती १३ जुलै १६६०, आषाढ वद्य प्रतिपदा. तिथे हवा चिखल, वाहते ओहोळ, नुकतं उगवलेलं कोवळं गवत आणि पाण्याने चकाकणारा काळा खडक. प्रतापगडाची लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीची. पाऊस सरून गवत वाढून पिकलेलं, उतार सोनेरी, जावळीचं रान मात्र अजून गर्द. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० चा, माघ वद्य नवमीचा. गवत वाळून आडवं झालेलं, कडा कोरडा, माती भुरभुरीत. आषाढात, मार्गशीर्षात, माघात सह्याद्रीवर कुणीही जाऊन हे रंग पाहू शकतो. त्यासाठी कुठली महागडी डबी लागत नाही.

आणि दिवाळीच्या किल्ल्यात एक गोष्ट नकळत अगदी खरी होते. मोहरीचे कोंब वाढून मातीच्या मावळ्याच्या कमरेपर्यंत पोहोचतात. घाटमाथ्यावर अश्विन अखेरीला गवत अनेक ठिकाणी माणसाच्या कमरेलाच लागतं. प्रतापगडाची तिथी दिवाळीनंतर सुमारे पाच आठवड्यांनी येते. म्हणजे मुलं हिरव्या कोंबांना पाणी घालायचं थांबवून त्यांना पिवळं पडू देतील, तर किल्ला आपोआप प्रतापगडाच्या ऋतूकडे सरकेल.

म्हणून पालकांना आणि सोसायट्यांतल्या किल्ले स्पर्धांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे. यंदा किल्ल्यासमोर नावाची पाटी लावाल, तिच्याखाली तिथीची पाटीही लावा. मुलांना विचारा, त्या दिवशी इथलं गवत कसं होतं? उत्तर शोधायला त्यांना घेऊन गडावर जा, मूठभर गवत हातात धरून नीट पाहू द्या, आणि गुण देताना तटबुरुजांइतकेच जमिनीला द्या.