तटाबाहेरची सालिहिया

जकात कुणाला द्यावी, हे सांगताना कुरआनने आठ प्रकारच्या लोकांत वाटसरूचाही समावेश केला आहे. घरापासून तुटलेल्या माणसाला आसरा दिला की काय घडते, हे दमास्कसच्या सालिहिया मोहल्ल्याच्या इतिहासात दिसते.

इ.स. 1156 मध्ये क्रुसेडरांच्या अमलाखालील नाबलुस भागातून, जम्माईल गावचे शेख अहमद इब्न कुदामा आणि त्यांचे नातलग दमास्कसला आले. शहराच्या पूर्व दरवाजाबाहेरील अबू सालिह मशिदीत ते उतरले. पुढे तटापासून दूर, कासियून डोंगराच्या उतारावर त्यांनी घरे बांधली. लोक या वस्तीला सालिहिया म्हणू लागले. ‘सालिह’ म्हणजे नेक. पण शेखसाहेबांचे पुत्र अबू उमर सांगत, हे नाव मशिदीवरून पडले, आमच्या नेकीवरून नव्हे.

अबू उमर यांनी इथे मदरसा काढला. जामा मशिदीसाठी दूरच्या अर्बिलच्या राजाने पैसा पाठवला. सुलतान सलाहुद्दीनची बहीण राबिया खातून हिनेही मदरसा बांधला. हदीसच्या वर्गांना बायका-मुलेही बसत. हजर असलेल्यांची नावे जुन्या हस्तलिखितांवर आजही वाचता येतात. लहानपणी निर्वासित म्हणून आलेले अबू उमरांचे धाकटे बंधू मुवफ्फकुद्दीन हंबली कायद्याचे थोर पंडित झाले. 1240 मध्ये सूफी इब्न अरबी यांचे दफनही इथेच झाले.

आसरा एका मशिदीने दिला, त्याची बरकत साऱ्या शहराला मिळाली. इफ्तारच्या दस्तरखानावर परक्यासाठी थोडे सरकून बसताना एवढे आठवावे.