‘ध’चा ‘मा’ नक्की कुणी केला, बॉस?

आमच्या पिंप्राळ्यात एखादी सून वाटणी मागायला लागली की गल्लीतल्या बायका तिचं खरं नाव विसरतात. ‘आली पाहा आनंदीबाई’ एवढंच म्हणतात. नवऱ्यानं वाटणी मागितली, तरी नाव तिचंच!

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ असतो, म्हणून दरवर्षी मी पुण्याहून जळगावला जाते. (फ्रीलान्सरला सुट्टी देणारं कोणी नसतं, पण नाही म्हणणारंही कोणी नसतं.) यंदा आदल्या संध्याकाळी धो धो पाऊस, वीज आहे-नाही, म्हणून लॅपटॉपवर आजीबरोबर ‘रामशास्त्री’ पाहिला. प्रभातचा, १९४४चा. दिग्दर्शक आणि रामशास्त्री दोन्ही गजानन जागीरदार. आणि आनंदीबाईंच्या भूमिकेत ललिता पवार! आपल्या पिढीला ती फक्त ‘रामायण’मधली मंथरा म्हणून माहीत. बाई आपल्या बाजूच्याच, येवल्याच्या. एकेकाळी हिरॉइन होत्या. १९४२मध्ये शूटिंगमधली एक थप्पड जोरात बसली, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि नंतर मिळत गेल्या त्या खाष्ट सासवा. ‘रामशास्त्री’ आला तेव्हा त्या जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. म्हणजे माझ्याच वयाच्या. मला उगाच कसंतरी झालं.

आजीला काही कसंतरी झालं नाही. ‘हेच ते तोंड! हिनंच चिठ्ठी बदलली ना वं?’

‘आणि राघोबादादा?’

‘त्याले काय कळे? बायकोचं ऐकलं न् बुडाला.’

शाळेतला इतिहास विसरलेल्यांसाठी रिकॅप. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी आत घुसतात, पोरगा काकांना मिठी मारतो आणि तिथेच त्याचा खून होतो. काकांनी गारद्यांना लिहिलं होतं म्हणे, ‘नारायणरावास धरावे’. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. झालं! एका अक्षरावर बाई अडीचशे वर्षं आत आहे.

आता सिनेमा ज्याच्या नावाचा आहे त्या माणसाकडे बघू. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. कुणाला? रघुनाथरावांना! तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून गेले. एवढा मोठा न्यायाधीश आपण न्यायाचं उदाहरण म्हणून मिरवतो, शाळेत त्याच्यावर धडे घोकतो, आणि त्याचा निकाल मात्र गुपचूप बदलून बायकोच्या नावावर टाकतो. खुनानंतर पेशवा कोण झालं? दादासाहेब. गारद्यांशी देण्याघेण्याचे वायदे कुणाचे होते? दादासाहेबांचेच. पण आजीचं म्हणणं, त्याले काय कळे. राघोभरारी म्हणून ज्याच्या नावाचा डंका, ज्याच्या स्वारीत १७५८मध्ये मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या, त्याला चिठ्ठीत काय लिहिलंय ते कळेना?

आणि ती चिठ्ठी? ती आज कुणाच्याही हातात नाही. ग्रँट डफनं १८२६मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात ही अक्षरबदलाची हकीकत आहे. पुरावा काय, तर तो बदल आनंदीबाईंनी केला असं सगळे मानतात! खुनाला तोवर त्रेपन्न वर्षं झाली होती आणि बाईंना जाऊन बत्तीस. तेव्हाचा कारभार मोडीत चालायचा, म्हणजे चिठ्ठी असलीच तर मोडीत असणार. आपण डोळ्यांसमोर जो सुबक देवनागरी ‘ध’ आणतो, तो आपल्या पाठ्यपुस्तकातला आहे. आनंदीबाईंना कटाची माहितीच नव्हती, त्या गोगलगाय होत्या, असं मी म्हणत नाहीये. महत्त्वाकांक्षा त्यांना असेलच, पेशव्यांच्या घरात ती कुणाला नव्हती? पण महत्त्वाकांक्षा वेगळी आणि खून वेगळा.

१६१० साली हंगेरीत एलिझाबेथ बाथरी नावाच्या उमरावीण बाईला पकडलं होतं. पोरींना छळून मारल्याचा आरोप. सहाशेच्या वर बळी, अशी अफवा. पुढे तर ती त्यांच्या रक्तानं आंघोळ करायची म्हणून गोष्ट पसरली. या क्रूर बाईवर २००८मध्ये ‘बाथरी’ आणि २००९मध्ये ‘द काउंटेस’ असे लागोपाठ दोन सिनेमे आले. दोन्हींनी एक प्रश्न विचारला, हिच्या जमिनी आणि पैसा कुणाला हवा होता? आपल्याकडे आनंदीबाई मी पाहिल्यात त्या दुसऱ्यांच्या सिनेमातच. २०१४च्या ‘रमा माधव’मध्ये सोनाली कुलकर्णीनं त्यांना झकास उभं केलं, पण तो सिनेमा रमाबाई सती जातात तिथे, म्हणजे १७७२मध्ये संपतो. खून अजून व्हायचाय आणि थिएटरमध्ये आपल्याला खुनी आधीच माहीत!

मटेरियल कमी आहे का? १७७५. नवरा फौज घेऊन पळतोय, इंग्रजांशी तह करतोय, आणि ही धारच्या किल्ल्यात बाळंत होते. ते बाळ म्हणजे शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव. १७८३मध्ये कोपरगावला राघोबा जातात तेव्हा ही पुन्हा गरोदर. मग नाशिकजवळ आनंदवल्लीत मुलांसह नजरकैद आणि १७९४मध्ये मृत्यू. मुलगा गादीवर बसलेला तिनं पाहिलाच नाही.

एवढं तावातावानं बोलण्याचं कारण वेगळंच आहे. पहिल्या नोकरीत मी एका पेपरच्या डेस्कवर होते. रात्री साडेबारा, पान सोडायचंय, सिंगल कॉलमची बातमी. मथळा होता ‘अपहारप्रकरणी कारकुनाची चौकशी’. बसेना. मी ‘चौकशी’चं ‘अटक’ केलं. मस्त बसला. सकाळी त्या कारकुनाच्या मुलीचा फोन आला, ‘पप्पा तर घरीच आहेत. आता दूध आणायला खाली कसं जाणार ते?’ तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. बोलणी खाल्ली रिपोर्टरनं, कारण बातमीवर नाव तिचं होतं. मी शेजारच्या खुर्चीत कीबोर्डकडे बघत बसले होते.

रथ झाला, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघाले. मध्यरात्री कोपरगाव आलं. प्लॅटफॉर्मवर चहावाला ओरडत होता आणि मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी पुण्यातून त्या रिपोर्टरला फोन लावला. पाच वर्षांनी.

‘तो अटकवाला मथळा आठवतो? तो मी बदलला होता.’

‘मला तेव्हाच माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘त्या रात्री त्या पानावर तू एकटीच होतीस.’