कोष्टकातील रुग्ण : प्रकाशित आकडेवारी आणि गोपनीयतेचे शिक्षण

सुमारे दहा वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय चर्चासत्राच्या स्मरणिकेसाठी आम्ही आमच्या चिकित्सालयातील श्वित्राच्या रुग्णांचा आढावा लिहिला होता. रुग्णांची नावे दिली नव्हती, आद्याक्षरेही नव्हती. कोष्टकात गाव, लिंग, वयोगट, व्याधीचा काल आणि स्थान एवढेच रकाने होते. त्यांतील एका लहानशा गावापुढे ‘स्त्री, वय २१ ते २५’ या घरात १ हा आकडा होता आणि स्थानाच्या रकान्यात ‘उदर व कटि’ असे लिहिले होते.

स्मरणिका जाहिरातदारांनाही जाते, हे आपण सर्व जाणतो. त्या गावातील एका औषधविक्रेत्याने अर्धे पान जाहिरात दिली होती. त्याच्या दुकानात ती प्रत चार-सहा दिवस पडून होती. गावातील एक मुलगी दर पंधरवड्यास एसटीने आमच्याकडे येते, एवढे लोकांना ठाऊक होते. ती अम्लपित्तासाठी येते असे घरच्यांनी सांगून ठेवले होते. वस्त्राखाली झाकलेले डाग कोणीही पाहिलेले नव्हते. ते आम्ही छापून दाखविले.

तिचे वडील एका सकाळी आले. त्यांनी स्मरणिका टेबलावर उघडी ठेवली, त्या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, “डॉक्टर, ही आमचीच ना?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याच सुमारास चाललेली लग्नाची बोलणी थांबली. ती आमच्या कोष्टकामुळेच थांबली असे खात्रीने सांगता येणार नाही; परंतु नव्हे, असेही आम्ही म्हणू शकत नाही. मुलीने चिकित्सा अर्ध्यावर सोडली. आयोजकांच्या साहाय्याने आम्ही शिल्लक प्रती परत मागविल्या. ज्या वाटल्या गेल्या, त्यांचे काय करणार?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्यास जो उपदेश करतो त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न नेण्याची आज्ञा स्पष्ट आहे. आपण सर्वांनी ती वाचली आहे आणि बोलण्यापुरती बहुतेक जण पाळतोही. आमचीही समजूत अशीच होती की, आपण ती पाळली. नाव वगळले की गोपनीयता राखली गेली, असे आम्ही धरून चाललो. प्रबंधलेखनाच्या अनेक कार्यशाळांना आम्ही बसलो, टी-टेस्ट शिकलो, काय-वर्ग चाचणी शिकलो. कोष्टकात एखादे घर एकाच रुग्णाचे असेल तर त्याचे काय करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

या भ्रमात पडणारे आम्ही पहिले नव्हतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचे काम पाहणाऱ्या मंडळाने १९९०च्या दशकात सुमारे १,३५,००० कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधकांना दिल्या. नाव-पत्ता काढून टाकल्याने त्या निनावी झाल्या आहेत, असे राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी जनतेस आश्वासन दिले होते. लताना स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलर देऊन विकत घेतली आणि दोन्ही याद्या जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांवरून जुळवून पाहिल्या. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले त्या शहरात सहा जण होते. त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. त्यांच्या आजाराची नोंद अशा रीतीने हाती आली. पुढे २००० साली स्वीनी यांनी १९९०च्या जनगणनेच्या आधारे असा अंदाज मांडला की, केवळ या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्या केसपेपरवर या तीनही गोष्टी पहिल्याच ओळीत असतात.

येथे आयुर्वेदाची म्हणून एक निराळी अडचण आहे, आणि तिचा विचार आमच्या मते पुरेसा झालेला नाही. आपले शास्त्र प्रत्येक रुग्णास स्वतंत्र पाहावयास सांगते. दशविध परीक्षा करावयाची म्हणजे रकाने वाढणारच. समजा, एका अध्ययनात ६० रुग्ण आहेत. प्रकृतीचे सात प्रकार, लिंग दोन, वयाचे तीन टप्पे आणि देश तीन असे एकत्र कोष्टक मांडले, तर घरे १२६ होतात. साठ रुग्ण सव्वाशे घरांत वाटले गेले की बहुतेक घरे रिकामी राहणार आणि भरलेल्यांपैकी बरीचशी एकेकट्या रुग्णाची असणार. शास्त्रदृष्ट्या जितके सूक्ष्म, तितके ओळखू येण्याजोगे. म्हणून सूक्ष्म परीक्षण सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. परीक्षण केसपेपरवर पूर्ण असावे. छापताना मात्र काय एकत्र करावयाचे याचा निर्णय जाणीवपूर्वक व्हावा. प्रकृती आणि परिणाम यांचे एक कोष्टक, वय आणि परिणाम यांचे दुसरे, अशी विभागणी केली तर निष्कर्षास सहसा बाध येत नाही. गावाचे नाव तर बहुतेक लेखांत कशासाठी असते, हेच कळत नाही. आमच्या लेखात ते केवळ आमच्याकडे किती दुरून रुग्ण येतात हे दिसावे म्हणून होते, हे आज कबूल केलेले बरे.

एकेकटे घर झाकून टाकले म्हणजे भागते, असेही नाही. एका ओळीत ९, मग तारांकित घर, मग १० आणि शेवटी एकूण २० असे छापले, तर तारांकनाखाली १ आहे हे शाळकरी मूलही सांगेल. म्हणून आणखी एक घर झाकावे लागते, अथवा दोन वयोगट एकत्र करावे लागतात. वजाबाकीचा हा धोका दोन वेगवेगळ्या अहवालांतूनही उद्भवतो. समजा, ऑगस्टअखेरच्या अहवालात ४१ रुग्ण, त्यांपैकी क्लैब्याचे ६. सप्टेंबरअखेर ४२ रुग्ण आणि क्लैब्याचे ७. त्या महिन्यात नवीन कोण आला हे ज्यास माहीत आहे, त्यास सर्व कळले. प्रत्येक अहवाल स्वतंत्रपणे निर्दोष होता. आमच्या पाहण्यातील शाखांचे मासिक अहवाल बहुधा याच पद्धतीचे असतात.

उलट बाजूने, शंभर टक्क्यांचे घरही फसवे असते. ‘अमुक कारखान्यातील तपासलेल्या सर्व कामगारांत मद्यपानाचा इतिहास आढळला’ असे लिहिले की आकडा कितीही मोठा असो, त्यांतील प्रत्येकाविषयी आपण बोललेले असतो. तसेच ‘वय १८ ते ९३ वर्षे’ हे वाक्य आपण सहज लिहितो. तालुक्यात ९३ वर्षांचे गृहस्थ कितीसे असणार? अमेरिकेच्या आरोग्यविषयक गोपनीयता नियमांत ८९च्या पुढील सर्व वये ‘९० व त्यापुढे’ अशीच एकत्र दाखविण्याची पद्धत सांगितली आहे, ती याचसाठी.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंस वाटेल की हा वैद्यांचा प्रश्न आहे. तसे नाही. एखाद्या जिल्ह्यात विशिष्ट भस्म बनविणारे दोनच निर्माते असतील आणि जिल्ह्याचे एकूण उत्पादन छापले गेले, तर प्रत्येकजण आपला आकडा वजा करून दुसऱ्याचा धंदा जाणून घेईल. जगभरच्या सांख्यिकी कार्यालयांत म्हणूनच एका घरात किमान किती व्यवसाय असावेत आणि त्यांत एकाचा वाटा किती मोठा असू नये, याचे नियम असतात. विक्रीच्या नोंदींचेही तेच. लहान पेठेत एकच दुकान असेल तर वाजीकरण कल्पांची पिनकोडनिहाय विक्री म्हणजे त्या दुकानाचे वहीखातेच.

आता शिक्षणाचा मुद्दा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात २००३च्या सुमारास फेलिक्स रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रश्नांची एक चौकट तयार केली. कामाचा हेतू योग्य आहे काय, काम करणारी व्यक्ती विश्वासार्ह व प्रशिक्षित आहे काय, कामाची जागा सुरक्षित आहे काय, मूळ माहितीतून ओळख पुरेशी काढली आहे काय, आणि बाहेर जाणारे कोष्टक निर्धोक आहे काय. ही चौकट पुढे ऑस्ट्रेलियादी देशांनीही स्वीकारली. ब्रिटनमध्ये २०१७च्या डिजिटल इकॉनॉमी अ‍ॅक्टनुसार संशोधकास अशी माहिती हाताळावयाची असेल तर प्रशिक्षण घेऊन चाचणी उत्तीर्ण व्हावे लागते. त्याने काढलेले कोष्टक तो स्वतः बाहेर नेऊ शकत नाही. कार्यालयाचे प्रशिक्षित कर्मचारी ते तपासतात आणि मगच देतात. आम्हांस यातील विशेष वाटला तो हा की, संशोधक चोर आहे असे गृहीत धरलेले नाही. चुका अजाणतेपणी होतात हे मान्य करून, त्याच्या हाती इतरांची कोष्टके देऊन दोष शोधावयास लावतात. दुसऱ्याच्या कोष्टकातील रुग्ण एकदा ओळखता आला की स्वतःचे कोष्टक निराळे दिसू लागते.

किमान आकडा किती असावा, याविषयी एकमत नाही. कोठे ३, कोठे ५, कोठे १०. अमेरिकेची मेडिकेअर व्यवस्था ११पेक्षा कमी रुग्णांची घरे छापू देत नाही. लहान गावातील चिकित्सालयास आणि लाजेच्या व्याधीस आमच्या मते ५ ही अगदी खालची मर्यादा होय.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र कोणी समजू नये. जनगणनेतील वैयक्तिक नोंदी १९४८च्या अधिनियमाने गुप्त ठेवल्या आहेत. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या आंतरराष्ट्रीय मालेत मोडते, तीत पाहणीच्या ठिकाणांची भौगोलिक नोंद देताना शहरी ठिकाण २ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण ठिकाण साधारणतः ५ किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवून देतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. संशोधन व सांख्यिकी कामास त्यात सूट आहे. पण त्या माहितीवरून व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत, या अटीवर. ‘संशोधन’ हा शब्द उच्चारला की सर्व माफ, असा तिचा अर्थ नव्हे. आणि संमतिपत्र? रुग्ण चिकित्सेस संमती देतो, छापण्यास देतोच असे नाही. छापण्यास दिली तरी गावाच्या नावासह दिली काय, हे विचारलेले नसते.

आमच्या शाखेत गेल्या वर्षापासून एक साधी रीत सुरू केली आहे. कोणाचाही लेख बाहेर जाण्यापूर्वी त्यातील कोष्टके त्याच तालुक्यातील दुसऱ्या वैद्यास दाखवितो आणि एवढेच विचारतो : यांतील कोणी ओळखू येतो काय? परक्या परीक्षकास जे दिसत नाही ते शेजारच्या वैद्यास दिसते. मात्र त्यास रुग्ण ओळखू आला तर तोही चिकित्साधर्माने बांधलेला आहे, म्हणून त्याच्याकडूनही लेखी हमी घेतो. पहिल्या सहा लेखांपैकी दोन परत गेले. त्यांतील एक आमचाच होता. अर्शाच्या रुग्णांत ‘व्यवसाय : पुरोहित’ असे एक घर राहून गेले होते.

येत्या वार्षिक अधिवेशनात या विषयावर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीकडे पाठविला आहे. व्याख्यान नको. प्रत्येकाने आपले छापून आलेले एक कोष्टक आणावे आणि शेजारी बसलेल्यास द्यावे. आम्ही श्वित्राचे ते कोष्टक, गावाचे नाव खोडून, आणणार आहोत.