दगड वाहणारे आणि घटना घडविणारे सभागृह

दिल्लीला गेलेले आपले समाजबांधव जुनी संसद लांबूनच पाहतात. “इथे बाबासाहेबांनी घटना केली,” एवढे मुलांना सांगतात आणि पुढे निघतात. आम्हीही तेच करीत आलो. पण ही वास्तू कशी उभी राहिली आणि कशी बदलत गेली, हे घरातल्या लेकरांना सांगितलेच पाहिजे.

ही इमारत मुळात आपल्यासाठी नव्हतीच. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट या ब्रिटिश राजपुत्राने तिची कोनशिला बसवली. आराखडा एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर यांचा. सहा वर्षे काम चालले, खर्च ८३ लाख रुपये झाला आणि १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केले. इमारतीचा व्यास ५६० फूट. बाहेरच्या व्हरांड्याला २७ फूट उंचीचे १४४ खांब. ते दगड घडवले पाथरवटांनी, माती आणि खडी डोक्यावरून वाहिली मजूर बायाबापड्यांनी. कोनशिलेवर नाव मात्र राजपुत्राचे!

आत तीन सभागृहे होती. त्यांतले एक खास संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी. मधल्या घुमटाखालच्या दालनात ग्रंथालय होते. १९४६ साली या दालनाचे रूप पालटले. अर्धवर्तुळाकार बाके आली, छतावरून नवे दिवे लटकले, थंडीसाठी मेजांना विजेची ऊब दिली गेली. ९ डिसेंबर १९४६ रोजी येथे घटनासमितीची पहिली बैठक भरली. त्या दिवशी २०७ सभासद हजर होते, त्यांत ९ स्त्रिया होत्या.

पुढे याच दालनात बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडला. मसुद्यावर ११४ दिवस चर्चा झाली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम येथेच मंजूर झाले. त्या चर्चेत दाक्षायणी वेलायुधन बोलल्या. केरळातल्या दलित घरातली ही लेक घटनासमितीतील एकमेव दलित स्त्री होती. आमच्या भगिनींनी हे नाव मुलींना जरूर सांगावे.

नरेंद्र मंडळाच्या दालनाचेही भाग्य बदलले. २८ जानेवारी १९५० रोजी तेथे सर्वोच्च न्यायालय सुरू झाले आणि १९५८ पर्यंत तेथेच चालले. जे दालन राजेरजवाड्यांसाठी सजले, तेथे साध्या माणसाची फिर्याद ऐकली गेली. कामकाज वाढले तसे १९५६ साली इमारतीवर आणखी दोन मजले चढले.

बाबासाहेबांचे तैलचित्र मात्र मध्यवर्ती सभागृहात लागायला १२ एप्रिल १९९० उजाडावे लागले. ज्यांनी तेथे घटनेचे एकेक कलम लढवले, त्यांना भिंतीवर जागा मिळायला चाळीस वर्षे लागली.

१९ सप्टेंबर २०२३ रोजी संसद नव्या इमारतीत गेली आणि जुनीला ‘संविधान सदन’ हे नाव मिळाले. नाव चांगलेच आहे. पण २०२४ साली आवारातला बाबासाहेबांचा पुतळा जुन्या जागेवरून हलवून ‘प्रेरणास्थळा’त नेण्यात आला, तेव्हा अनेकांच्या मनाला चुटपूट लागली.

जुन्या घराची डागडुजी करताना आपण भिंतीला गिलावा करतो, गळके छप्पर दुरुस्त करतो, पण घर कोणी बांधले हे विसरत नाही. या सदनाचेही तसेच व्हावे. दगड तर जपावेतच, पण कोणते कलम कोणत्या दिवशी येथे मंजूर झाले, हे गावाकडून आलेल्या आयाबायांना वाचता येईल अशा अक्षरांत तेथे लिहिलेले असावे. आणि दगड वाहणाऱ्या हातांसाठीही एक पाटी असावी.

तोवर हे काम घराघरात करू या. येत्या २६ नोव्हेंबरला मुलांना जवळ बसवून सतरावे कलम मोठ्याने वाचा. ते जेथे मंजूर झाले, त्या सभागृहाची ही कहाणीही सांगा.