धातुमिश्रणाचा हिशेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धातूंचे मिश्रण आम्लात टाकून निघालेल्या वायूवरून प्रत्येक धातूचे वजन काढण्याची उदाहरणे विद्यार्थ्यांस दुर्घट वाटतात, याचे कारण गणितात नसून आरंभीच गृहीत धरलेल्या काही भ्रामक समजुतींत आहे.

गैरसमज : मिश्रणातील सर्वच धातू वायू देतात.
वस्तुस्थिती : तांबे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन मुक्त करीत नाही. म्हणून जस्त व तांबे यांच्या चूर्णांचे मिश्रण असल्यास सारा हायड्रोजन जस्ताच्याच खाती जमा धरावा आणि तळाशी उरलेला तांबूस अवशेष तोलून तांब्याचे वजन मुक्रर करावे.

गैरसमज : समान वजनाचे धातू समान वायू देतात.
वस्तुस्थिती : एक मोल हायड्रोजनसाठी मॅग्नेशियम २४ ग्रॅम, जस्त सुमारे ६५ ग्रॅम, परंतु ॲल्युमिनियम अवघे १८ ग्रॅम लागते, कारण ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, इतर दोहोंचा दोनच.

गैरसमज : दोन अज्ञातांपुढे अंदाजावाचून गत्यंतर नाही.
वस्तुस्थिती : मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या ७.५ ग्रॅम मिश्रणाने, आम्ल विपुल असता, ०.३५ मोल हायड्रोजन दिला असे समजू. मॅग्नेशियम क्ष आणि ॲल्युमिनियम य ग्रॅम मानल्यास वजनाचे समीकरण क्ष + य = ७.५ आणि वायूचे क्ष/२४ + य/१८ = ०.३५. दुसऱ्यास ७२ ने गुणले की ३क्ष + ४य = २५.२, त्यातून पहिल्याची तिप्पट, म्हणजे २२.५, वजा करता य = २.७ आणि क्ष = ४.८. पडताळा असा, की ०.२० आणि ०.१५ मिळून ०.३५ मोल बरोबर भरतात.

गैरसमज : एक मोल वायू म्हणजे सर्वत्र २२.४ लिटर.
वस्तुस्थिती : तो आकडा शून्य अंश सेल्सिअस व एक वातावरण दाबाचा आहे. समुद्रकिनाऱ्यालगत, जेथे दाब जवळजवळ एक वातावरण असतो, २७ अंश तापमानात मोलाचे आकारमान सुमारे २४.६ लिटर होते, आणि वरील मिश्रण ८.६१ लिटर कोरडा वायू देते. त्यास २२.४ ने भागणाऱ्याच्या हिशेबी ॲल्युमिनियम २.७ ऐवजी सुमारे ५.२ ग्रॅम भरेल, म्हणजे जवळजवळ दुप्पट. यास्तव तापमान आणि दाब यांची नोंद वहीत प्रथम व्हावी, आकडेमोड त्यानंतर.